‘सामानाची जबाबदारी आमची नाही’ : हा बोर्ड लॉजमालकाला खरंच वाचवतो का?

आपल्याकडच्या कुठल्याही लॉजच्या काउंटरमागे बघा, तीन गोष्टी हमखास सापडतात. देवाचा फोटो, खोल्यांचं दरपत्रक आणि लाल अक्षरातला एक बोर्ड : ‘आपले सामान आपण सांभाळावे. चोरी अथवा गहाळ झाल्यास मालक जबाबदार राहणार नाहीत.’ मंगल कार्यालयात हाच बोर्ड, पार्किंगच्या पावतीमागे हाच मजकूर. पेंटरला ‘बोर्ड लिही’ एवढंच सांगितलं तरी तो न विचारता हाच मजकूर लिहून देतो.

मागच्या श्रावणात औंढ्याच्या बाजूच्या एका लॉजमालकांचा मला फोन आला. सोमवार होता, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. नाव, लॉजचं नाव सांगणार नाही, पण गोष्ट सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे.

झालं असं होतं. एक कुटुंब आदल्या रात्री मुक्कामाला होतं. सकाळी दहाला त्यांनी खोली सोडली, हिशोब केला. दर्शनाची रांग मोठी, लेकरं सोबत, म्हणून एक मोठी बॅग आणि एक सॅक काउंटरवर देऊन म्हणाले, ‘दर्शन करून येतो, तेवढं ठेवा.’ काउंटरवरच्या पोराने जिन्याखाली बोट दाखवलं. ‘ठेवा तिथं. कुणी हात लावत नाही.’ तिथं आणखी आठ-दहा बॅगा होत्याच. दुपारी तीनला कुटुंब परत आलं तर सॅक होती, मोठी बॅग नव्हती.

बॅगेत कपडे, एका माणसाची औषधं, चांदीचं पूजेचं ताट आणि ताईंच्या म्हणण्याप्रमाणे सोन्याचे कानातले. एकूण आकडा त्यांनी सव्वा लाखाच्या पुढे सांगितला. मालक मला म्हणाले, ‘सर, बोर्ड आहे ना आपला. फोटो काढून पाठवू का?’

मी म्हणालो, ‘बोर्डाचा फोटो नंतर पाठवा. आधी सांगा, बॅग घेताना काही लिहून दिलं होतं का?’

काहीच नव्हतं.

मी वकील नाही, हे आपल्या व्हिडिओत मी दर वेळी सांगतो. मी धंदा शिकवतो. पण दहा-बारा खोल्यांच्या मालकाला एका बॅगेपायी दोन महिन्यांची कमाई द्यावी लागत असेल, तर तो धंद्याचाही विषय झाला. म्हणून या विषयावर मी थोडं वाचलं, ओळखीच्या वकिलांना विचारलं, आणि जे हाती आलं ते नीट सांगतो.

दिल्लीची एक गाडी आणि 21 वर्षं

या विषयावरचा आपल्या देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल एका गाडीचा आहे. 1 ऑगस्ट 1998 ची रात्र. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एक पाहुणे मारुती झेन घेऊन आले. दारात हॉटेलच्या माणसाकडे चावी दिली, त्याने गाडी लावली, हातात पार्किंगची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर छापलं होतं की गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर लावली जात आहे, चोरी किंवा नुकसान झालं तर हॉटेल जबाबदार नाही, पाहुण्याला काही दावा करता येणार नाही. म्हणजे आपलाच लाल बोर्ड, फक्त इंग्रजीत.

रात्री एकच्या सुमाराला पाहुणे बाहेर आले तर गाडी गेलेली. तीन पोरं आली होती, त्यातल्या एकाने चाव्या ठेवायच्या टेबलावरून झेनची चावी उचलली आणि गाडी घेऊन पसार झाला.

गाडीचा विमा होता. कंपनीने मालकाला 2 लाख 80 हजार रुपये दिले. इथं बरेच मालक निश्वास सोडतात की चला, पाहुण्याला पैसे मिळाले, आता भांडण मिटलं. ते मिटलं नाही. विमा कंपनी पाहुण्याच्या जागी उभी राहून, त्याच्यासोबत, हॉटेलवर गेली. ग्राहक आयोगांच्या पायऱ्या चढत प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि 14 नोव्हेंबर 2019 ला निकाल लागला. न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांचं खंडपीठ होतं. हॉटेल हरलं. चिठ्ठीवरच्या छापील ओळीने त्याला वाचवलं नाही.

कोर्टाने काय म्हटलं ते माझ्या भाषेत सांगतो. एकदा का तुमच्या माणसाने चावी हातात घेतली की गाडी तुमच्या ताब्यात आली. मागितली की ती धडधाकट परत द्यायची, हे न बोलता झालेलं वचन आहे. ती परत देता आली नाही, तर ‘आमचा हलगर्जीपणा नव्हता’ हे दाखवायचं ओझं हॉटेलवर. आणि स्वतःच्या किंवा स्वतःच्या नोकरांच्या हलगर्जीपणापासून अशा छापील ओळीच्या आड लपता येत नाही. हॉटेलचं म्हणणं होतं की गाडी लावून देणं ही फुकटची सेवा आहे. कोर्टाला तेही पटलं नाही. पाहुणा खोलीचे, जेवणाचे पैसे देतो, ही सोय त्या व्यवहाराचाच भाग आहे.

पण त्याच निकालात मालकांच्या बाजूची एक मोठी गोष्टही आहे, आणि ती कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये जुना नियम असा की सरायवाल्याच्या आवारात पाहुण्याचं काही गेलं की सरायवाला जबाबदार, त्याची चूक असो वा नसो. 1584 सालच्या एका खटल्यापासून तो नियम सांगतात. आपल्या सुप्रीम कोर्टाने तो कडक नियम जसाच्या तसा घेतला नाही. आपल्याकडे मालक आपोआप दोषी नाही. त्याने योग्य काळजी घेतली होती हे त्याला दाखवता आलं तर तो सुटतो.

सगळा खेळ ‘दाखवता आलं तर’ या तीन शब्दांचा आहे.

सांभाळायला दिलं म्हणजे नेमकं काय?

1872 चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्यात दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घेणं आणि काम झालं की परत देणं याला बेलमेंट म्हणतात. आपण ‘सांभाळायला देणं’ म्हणू. हळदीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही. वखार महामंडळाच्या गोदामात पोती टाकली की आपण पावती घेतो. पोती किती, वजन किती, तारीख कोणती. त्या पावतीवर कर्जसुद्धा मिळतं. पावतीशिवाय वसमतचा एक शेतकरी हळदीचं एक पोतं कुणाच्या गोदामात ठेवेल का? आणि तोच माणूस उद्या लॉज काढतो तेव्हा परक्या गावच्या दहा पाहुण्यांच्या बॅगा जिन्याखाली रचतो, कागदाचा एक चिटोरा न देता!

या कायद्याचं कलम 151 काळजीचं माप सांगतं. त्याच आकाराची, त्याच दर्जाची, त्याच किमतीची तुमची स्वतःची वस्तू असती तर साधा शहाणा माणूस तिची जेवढी काळजी घेईल, तेवढी. त्याहून जास्त नाही. आणि कलम 152 म्हणतं की वेगळा करार नसेल आणि एवढी काळजी घेतली असेल, तर वस्तू हरवली, खराब झाली तरी जबाबदारी नाही.

आता त्या मालकांना मी एकच प्रश्न विचारला. ‘तुमच्या मुलीच्या लग्नाची बॅग असती तर जिन्याखाली ठेवली असती का?’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मुद्दा सोन्याचा निघाला की मालक चिडतात, आणि त्यांचं चिडणं अगदीच चूक नाही. बॅगेत दागिने आहेत हे आम्हाला सांगितलं कुठं? बरोबर आहे. कायद्याच्या मापात किंमतही आहे, आणि माहीतच नसलेल्या किमतीची काळजी कोण कशी घेणार? शिवाय बॅगेत काय होतं, केवढ्याचं होतं, हे दाखवायचं काम तक्रार करणाऱ्याचं आहे. बिल नाही, फोटो नाही, नुसता आकडा सांगितला म्हणून तो मिळतो असं नाही. पण हा वाद रकमेचा झाला. ‘आम्ही काहीच देणं लागत नाही’ असं त्यातून निघत नाही. बॅग तर घेतली होती ना?

खोलीत ठेवलेलं, खिशात ठेवलेलं

इथं लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

काउंटरवर घेतलेली बॅग, हातात घेतलेली चावी, तिजोरीत ठेवायला घेतलेलं पाकीट : हे सरळ तुमच्या ताब्यात. त्यात फार वाद नाही.

पाहुण्याच्या खिशातलं पाकीट, कमरेचा पट्टा, देवळाच्या रांगेत उघडी राहिलेली पर्स : हे त्याचं त्याने सांभाळायचं. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. एका प्रवाशाने एक लाख रुपये कापडी पट्ट्यात कमरेला बांधले होते, प्रवासात ते चोरीला गेले. खालच्या तिन्ही आयोगांनी रेल्वेला पैसे द्यायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. प्रवाशाला स्वतःचं सामान सांभाळता आलं नाही, त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी कशी म्हणणार? दिल्लीची गाडी आणि रेल्वेतला कमरपट्टा, हे दोन निकाल शेजारी ठेवा म्हणजे फरक डोळ्यासमोर येतो. एकात ताबा दिला होता, दुसऱ्यात दिलाच नव्हता.

मधली अवघड जागा म्हणजे खोली. सामान पाहुण्याचं, किल्ली पाहुण्याकडे, पण डुप्लिकेट किल्ली तुमच्याकडे. झाडायला तुमचा माणूस जातो, खिडकीची कडी तुमची, दाराचा कोयंडा तुमचा. अलाहाबाद हायकोर्टाचा शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा निकाल आहे. पाहुणा जेवायला गेला आणि त्याच्या खोलीतून सामान गेलं. खोली नीट बंद होत नाही, हे हॉटेलवाल्याला आधीपासून माहीत होतं. हॉटेलवाल्याला भरपाई द्यावी लागली. हे वाचताना मला आपल्याकडच्या किती खोल्या आठवल्या! कडी लागत नाही म्हणून दाराला लावलेली तार. ‘साहेब, जरा दाबून ओढा, लागते.’ हे वाक्य तुमच्या पोराच्या तोंडी रोज असेल, तर त्याचा अर्थ एकच : दोष तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही खोली भाड्याने देतच आहात. नवा कोयंडा दोन-तीनशेला येतो.

डुप्लिकेट किल्ल्यांचंही तसंच. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक छोट्या लॉजवर सगळ्या डुप्लिकेट किल्ल्या काउंटरमागच्या खिळ्यांवर, खोलीच्या नंबरासकट, समोरून दिसतील अशा टांगलेल्या असतात. दिल्लीच्या त्या पंचतारांकित हॉटेलातही चाव्या टेबलावर कुणाचाही हात पोचेल अशाच होत्या. त्यांना ते महागात पडलं.

आणखी एक जागा सगळे विसरतात. पाहुणा निघून गेला आणि उशीखाली अंगठी सापडली, चार्जर सापडला, देव्हाऱ्यातली मूर्ती राहिली. ‘सोडून गेला, आता आपली’ असं नाही. कलम 71 प्रमाणे दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की तीही सांभाळायला दिल्यासारखीच. तेवढीच काळजी. तुमच्याकडे पाहुण्याचा फोन नंबर रजिस्टरात आहे, मग फोन न करायला कारण काय सांगणार?

आता बोर्डाची एक गंमत. इंग्लंडमध्ये 1956 चा हॉटेलमालकांचा कायदा आहे. त्यात काउंटरजवळ ठरलेल्या मजकुराची नोटीस लावली असेल तर मालकाची जबाबदारी एका वस्तूला 50 पौंड आणि एका पाहुण्याला एकूण 100 पौंड एवढीच मर्यादित होते. म्हणजे तिथं बोर्डाला खरंच वजन आहे. तरीसुद्धा हॉटेलचा हलगर्जीपणा असेल किंवा वस्तू सांभाळायला म्हणून दिली असेल, तर ती मर्यादा तिथंही लागत नाही. आपल्याकडे असं संरक्षण देणारा कायदाच नाही. बोर्ड आहे, त्याच्या मागे कायदा नाही. मग बोर्ड काढून टाकायचा का? नाही. पाहुण्याला सावध करायला तो चांगला आहे. फक्त त्याच्या भरवशावर झोपू नका.

‘परगावचा माणूस आहे, कशाला येतोय कोर्टात’

हे वाक्य त्या मालकांनी मला त्या रात्री दोनदा ऐकवलं. पूर्वी त्यात थोडं तथ्य होतं. तेलंगणातून नागनाथाला आलेला माणूस हजार रुपयांच्या कपड्यांसाठी हिंगोलीत तारखा करायला येणार नाही, हे खरंच होतं. नर्सी नामदेवला पंजाबातून भाविक येतात, ते तर आणखी लांबचे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू झाला 20 जुलै 2020 पासून, आणि चित्र उलटं झालं. आता ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. तक्रार घरबसल्या ऑनलाइन भरता येते. फी तो दावा केवढ्याचा करतो यावर नाही, त्याने सेवेला किती पैसे दिले यावर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. खोलीचं भाडं आठशे-हजार, म्हणजे फुकटच. मुदत दोन वर्षं. वकील नसला तरी चालतं.

तेव्हा येणार कोण? तुम्ही. औंढ्याहून निजामाबादला, लॉज पोरावर सोडून.

नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. उत्तर द्यायला 30 दिवस, आयोगाने वाढवून दिले तर फार तर आणखी 15. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे की त्या 45 दिवसांच्या पलीकडे उत्तर घेतलं जाणार नाही. तुमची बाजू कितीही खरी असो, ती कागदावर येणारच नाही.

त्या बॅगेचं पुढे काय झालं

मालकांनी दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. कॅमेरा होता, चांगला होता, पण त्याचं तोंड गल्ल्याकडे. स्वतःचे पैसे पोरगा उचलतो का, हे बघायला लावलेला. जिना त्यात येतच नव्हता. हेच रेकॉर्डिंग आयोगापुढे गेलं असतं तर? स्वतःच्या पैशाची काळजी घेतली, पाहुण्याच्या बॅगेची नाही, याचा पुरावा मालकाने स्वतःच हजर केला असता.

मी त्यांना सांगितलं, आधी पाहुण्याला सोबत घेऊन पोलिसांत जा. तुम्ही स्वतः जा. बरेच मालक पाहुण्याला थांबवतात, ‘लॉजचं नाव खराब होईल’ म्हणून. उलट चोरी झाल्यावर मालकाने तासाभरात काय केलं, हे नंतर सगळे बघतात. ते गेले, तक्रार नोंदवली. आसपासच्या दोन दुकानांचं रेकॉर्डिंगही मागितलं. बॅग मिळाली नाही. आजपर्यंत नाही.

मग मालकांचं डोकं पोरावर फिरलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, महिन्याला नऊ हजार. ‘याच्या पगारातून कापतो, वर्षभर कापतो.’ मी विचारलं, त्याला कुलूप दिलं होतं? टोकन? वही? बॅगा जिन्याखाली ठेवायची पद्धत कुणाची? पद्धत मालकांच्या वडिलांपासूनची होती. पोराने तेच केलं जे त्याला दाखवलं होतं. माझं मत मी त्यांना तोंडावर सांगितलं : ही चूक पोराची नाही, काउंटरची आहे, आणि काउंटर तुमचं आहे. त्यांना ते आवडलं नाही. चार दिवस फोन नव्हता.

पाचव्या दिवशी त्यांनी त्या कुटुंबाला स्वतः फोन केला. कपडे, बॅग, औषधं आणि चांदीचं ताट यांचा हिशोब मान्य केला. ताटाचा फोटो त्या ताईंच्या मोबाईलमध्ये होता, आदल्याच सोमवारी पूजेत काढलेला. कानातल्यांचं बिल नव्हतं, बॅग देताना सांगितलंही नव्हतं. ते दोघांनी सोडून दिलं. 36 हजारांवर मिटलं, दोन हप्त्यांत, आणि मिटलं असं दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद झाला. पैसे बँकेतून दिले. पोराचा पगार कापला नाही. ते कुटुंब पुन्हा औंढ्याला आलं तर त्याच लॉजवर उतरेल का, मला माहीत नाही. मी असतो तर कदाचित उतरलो असतो.

36 हजार म्हणजे त्या लॉजला किती, याचा हिशोब आम्ही नंतर बसून केला. खोलीमागे खर्च वजा जाता तीनशे उरतात. म्हणजे 120 मुक्काम. श्रावणाची जवळजवळ अर्धी कमाई, एका बॅगेत.

आता काउंटरवर काय आहे

जिन्याखालचीच जागा. तिला जाळीचं दार बसवलं, कुलूप लावलं, किल्ली काउंटरवरच्या माणसाच्या खिशात. पत्र्याचे नंबर ठोकलेले बिल्ले, प्रत्येक नंबराचे दोन : एक बॅगेला, एक पाहुण्याच्या हातात. देवळाबाहेर चपलांना जे करतात तेच. (आपल्याकडे तीनशे रुपयांच्या चपलेला टोकन मिळतं आणि तीस हजारांच्या बॅगेला ‘ठेवा तिथं’ मिळतं, हे मला कधी उमगलं नाही.) कॅमेरा एक वाढवला. जाळी, बिल्ले, कॅमेरा मिळून सात हजारांच्या आत काम झालं.

आणि एक वही. रकाने एवढेच : तारीख, वेळ, नाव, मोबाईल, नग किती, बिल्ला नंबर, ‘मौल्यवान वस्तू आहे का : हो/नाही’, ठेवताना सही, नेताना सही. यातला ‘हो/नाही’चा रकाना सगळ्यात कामाचा. पाहुण्याने ‘हो’ लिहिलं तर त्याला नम्रपणे सांगायचं की दागिने, रोकड सोबत न्या, आमच्याकडे त्याची सोय नाही. ‘नाही’ लिहून सही केली तर उद्या सोन्याचा वाद उभा राहिला की वही बोलेल. हळदीच्या हंगामात व्यापारी रोकड घेऊन उतरतात, तेव्हा तर हे विचारलंच पाहिजे. तिजोरी असेल तर पाकीट त्यांच्यासमोर बंद करून, त्यावर त्यांची सही घेऊन ठेवा. नसेल तर घेऊच नका. ‘नाही’ म्हणायची लाज वाटू देऊ नका.

बोर्डही बदलला. नवा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला, हवा तर तुम्हीही घ्या :

‘दागिने व रोकड स्वतःजवळ ठेवावी. काउंटरवर सामान ठेवताना बिल्ला घ्यावा व वहीत सही करावी. बिल्ल्याशिवाय सामान ठेवून घेतले जाणार नाही व दिले जाणार नाही. खोलीची कडी, कुलूप किंवा खिडकी नीट लागत नसल्यास लगेच सांगावे, खोली बदलून देऊ.’

यातली शेवटची ओळ मालकांना नको होती. ‘आपणच कशाला दाखवून द्यायचं, सर?’ मग त्यांनी एका दुपारी स्वतः सगळ्या खोल्यांच्या कड्या तपासल्या. अकरापैकी तीन लागत नव्हत्या. त्या बदलल्या आणि मग ओळ ठेवली.

मंगल कार्यालयवाल्यांनी हेच जरा वेगळं करून घ्यावं. वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोलीची किल्ली लेखी, एकाच ठरलेल्या माणसाच्या हातात द्या. किल्ली ‘कुणीतरी मामा घेऊन गेले’ असं झालं की आहेराच्या पिशवीचा वाद तुमच्या दारात येतो. आणि दुकानाचा विमा काढला असेल तर एजंटला एक प्रश्न विचारा : माझ्याकडे सांभाळायला ठेवलेलं दुसऱ्याचं सामान यात धरलं आहे का? बऱ्याच जणांना पॉलिसीत स्वतःचा टीव्ही आणि गाद्या आहेत एवढंच माहीत असतं. उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीतली ओळ दाखवायला सांगा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती, त्या काळातली. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या 1839 च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याबद्दल लिहिलं आहे. त्याने मुंबईहून कापड आणायचा परवाना काढला, तेच कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला वाटेत मारलं, आणि माल त्याच परवान्यावर आणून हिंगोलीच्या छावणीत उजळ माथ्याने विकला. नंतर कळलं की तो ठगांचा म्होरक्या. म्हणजे त्या काळीही कागद लागायचाच, फक्त तो चोराने काढून ठेवला होता.

तर महाशिवरात्रीच्या आधी मी त्या लॉजवर पुन्हा गेलो होतो. तोच पोरगा काउंटरवर होता, वही समोर उघडी. रांगेत पाच-सहा माणसं, तो एकेकाला बिल्ला देत होता, जरा वैतागलेला होता. मला बघून हळूच म्हणाला, ‘सर, बॅगांचं ठीक आहे. पण हे काका म्हणतात काठी पण ठेवून घे. काठीला बिल्ला कुठं बांधू?’